दातांवर फोडलेलं खापर

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मनामात रात्रीचे दोन वाजले होते. सात महिन्यांची लेक तापाने फणफणत होती आणि मी तिला मांडीवर घेऊन एसीच्या घरघरीत बसले होते. थर्मामीटर ३९.२ दाखवत होता. भारतात तेव्हा पहाटेचे साडेचार. आई पाचला उठते, म्हणून अर्धा तास कसाबसा काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. आईने पडद्यावर नातीकडे एक नजर टाकली, तिची गळणारी लाळ पाहिली, तोंडात कोंबलेली मूठ पाहिली आणि निकाल दिला, "दात येताहेत गं. तुझ्या वेळी अस्संच झालं होतं. वावडिंगाचं पाणी दे, उतरेल." सकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांचं मत डिकेमाली उगाळून हिरड्यांना लावण्याचं होतं. निदानावर मात्र दोघींचं एकमत होतं, आणि विहिणींचं एकमत म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको.

मी दोन दिवस थांबले. इतिहासात पीएचडी केलेली, वसाहतकालीन मुंबईच्या सार्वजनिक आरोग्यावर प्रबंध लिहिलेली मी "दातांचाच ताप असेल" असं स्वतःला समजावत थांबले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, घसा पाहिला, छाती तपासली आणि लघवीची तपासणी करायला सांगितली. मी दातांचा विषय काढला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "दात येतीलच. आपण ताप कशाचा आहे ते शोधू." मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. इतक्या लहान वयात तो अंगावर काढला, तर मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला, पोरगी खेळायला लागली.

आणि बरोबर पुढच्या आठवड्यात खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा दात वर आला. "बघ, म्हटलं होतं ना!" असं दोन्ही घरांतून एकाच दिवशी ऐकू आलं.

या "म्हटलं होतं ना"ने माझी पाठ सोडली नाही. एक तर मी स्वतः फसले होते. दुसरं म्हणजे आमच्या घरात दातांचा एक जुना मृत्यू आहे. माझ्या आजीची थोरली बहीण, आजीच्या जन्माआधीच दहा महिन्यांची होऊन गेलेली. तिचं नाव कोणाला आठवत नाही. तिच्याबद्दल एकच वाक्य घरात टिकून आहे: "तिला दातांनी नेली." लहानपणापासून ऐकलेल्या या वाक्याकडे मी इतिहासाचा पुरावा म्हणून कधी पाहिलंच नव्हतं.

वाघासारखे दोन दात

बाळाच्या दातांना माणूस घाबरतो, ही गोष्ट फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात एक छोटंसं सूक्त आहे, १४० वं. बाळाला पहिल्यांदा वरचे दोन दात आले, की म्हणायचं. त्यात त्या दातांना आईबापांना खायला निघालेल्या दोन वाघांची उपमा दिली आहे. त्यांना शांत व्हायची विनंती केली आहे आणि खायला तांदूळ, जव, उडीद, तीळ देऊ केले आहेत: हे खा, पण आईवडिलांना दुखवू नका. आपल्याकडे आजही वरचा दात आधी आला की "मामाला जड" म्हणतात. वेदकाळी धोका आईबापांना होता, पुढे कधीतरी तो मामाकडे वळवण्यात आला. मामाला विचारून वळवला असेल असं वाटत नाही.

कौमारभृत्य म्हणजे बालवैद्यकाचा आपल्याकडचा महत्त्वाचा ग्रंथ काश्यपसंहिता. तिची पोथी नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्याकडे होती, आणि ती छापली गेली आपल्या मुंबईत, निर्णयसागर छापखान्यात, १९३८ साली. तिच्यात दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. दात ३२, त्यांपैकी आठ एकदाच येणारे आणि बाकीचे २४ 'द्विज', म्हणजे दोनदा जन्मणारे, असा हिशेब त्यात मांडला आहे. आजच्या मोजणीत एकदाच येणाऱ्या दाढा १२ आणि पडून पुन्हा येणारे दात २० आहेत. म्हणजे फरक चारांचाच. मुलींचे दात लवकर आणि कमी त्रासाने येतात, आठव्या महिन्यात आलेले दात सर्वांत चांगले, आणि वरचे दात आधी येणं अशुभ, असंही तिथे सांगितलं आहे. मामाची भीती अगदीच निराधार नव्हती तर!

पण या परंपरेतला सर्वांत शहाणा माणूस मला वाग्भट वाटतो. 'अष्टांगहृदय'च्या उत्तरस्थानात तो आधी सगळ्या जगासारखंच म्हणतो, की दात येणं हे बाळाच्या सगळ्या रोगांचं कारण आहे. ताप, जुलाब, खोकला, ओकारी, सगळंच. आणि मग लगेच बजावतो, की या दुखण्यांसाठी बाळाला औषधपाणी नि पथ्याच्या जाचात फार अडकवू नये, दात बाहेर आले की ती आपोआप शमतात. त्याचं निदान चुकलं होतं, पण उपचार जवळपास बरोबर होता. त्यानंतरच्या हजार-बाराशे वर्षांत निदान तेच राहिलं आणि संयम मात्र सुटला.

लंडनच्या यादीतला 'दात'

युरोपात हा संयम कसा सुटला त्याची कहाणी अंगावर काटा आणणारी आहे. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाज पारे याने एका उमरावाच्या आठ महिन्यांच्या मृत बाळाचं विच्छेदन केलं. मृत्यूचं दुसरं कारण सापडेना. हिरडी कापून पाहिली तर आत दात अगदी तयार. त्याने निष्कर्ष काढला, की ही हिरडी वेळेत कापली असती तर मूल वाचलं असतं. खरं तर त्या वयाच्या कुठल्याही मुलाची हिरडी कापली तरी आत दात तयारच दिसतील. पण एका मोठ्या माणसाच्या एका निरीक्षणावर पुढची तीनशे वर्षं बाळांच्या हिरड्या चाकूने चिरल्या गेल्या. अठराव्या शतकातला नामांकित शल्यवैद्य जॉन हंटर तर गरज पडल्यास एकाच मुलाची हिरडी दहादा चिरावी, या मताचा होता. तो चाकू उकळून घ्यायचा असतो हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हतं.

लंडनच्या मृत्युयाद्यांत 'दात' हे मरणाचं रीतसर कारण होतं. १६६२ मध्ये जॉन ग्राँट याने या याद्यांवर पुस्तक लिहून लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला, त्यातही 'दात आणि जंत' असा रकाना आहे. १८४२ च्या इंग्लंडच्या सरकारी नोंदींनुसार लंडनमध्ये वर्षाच्या आत गेलेल्या मुलांपैकी ४.८ टक्के आणि एक ते तीन वर्षांच्या वयात गेलेल्यांपैकी ७.३ टक्के मुलांच्या नावापुढे 'दात येणे' हे कारण होतं. आमच्या घरातलं वाक्य लंडनच्या निबंधकाच्या वहीतही सापडतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसून राहिले.

मग ही मुलं खरोखर कशाने गेली? कॅलेंडर पाहिलं तर उत्तर दिसतं. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरते. उष्टावण होतं, म्हणजे वरचं अन्न, वरचं पाणी आणि त्यांतले जंतू पोटात जायला लागतात. मूल रांगायला लागतं आणि सापडेल ते तोंडात घालतं. पुढची दोन-अडीच वर्षं २० दात एकामागून एक येत राहतात. त्यामुळे या काळात मूल कधीही आजारी पडलं, तरी हिरडीत बोट घातल्यावर एखादा दात हाताला लागतोच. दात फक्त हजर असतो, एवढाच त्याचा गुन्हा.

बहरीनमधली एक नोंद मला इथे आठवते. अमेरिकन मिशनचे सॅम्युअल झ्वेमर १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आले आणि १९०३ मध्ये मिशनने मनामात मेसन मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. आजच्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलचा हा आरंभ. त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९०४ मध्ये, झ्वेमर दांपत्याच्या दोन मुली, सात वर्षांची कॅथरिना आणि चार वर्षांची रूथ, साधारण आठवड्याभराच्या अंतराने रक्ती आवेने गेल्या. इथला जुलै, तेव्हाचं पाणी, बर्फ नाही, वीज नाही. त्या मुली मोठ्या होत्या, म्हणून कारण 'आव' असं लिहिलं गेलं. हेच दुखणं दहा महिन्यांच्या बाळाला झालं असतं, तर त्या काळात कित्येक घरांत आणि कित्येक वह्यांत 'दात' असं लिहिलं गेलं असतं. अमेरिकेत बाळाच्या आयुष्यातला 'दुसरा उन्हाळा' धोक्याचा मानत आणि त्याचाही दोष दाढांना देत. खरा दोषी उन्हाळ्यात नासणारं दूध होतं.

लालबागची गोळी

आता आमच्या घराकडे वळते. माझी पणजी राजापूर तालुक्यातून लग्न करून मुंबईला आली आणि लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहिली. पणजोबा गिरणीत साच्यावर, पणजी वायंडिंग खात्यात. भोंगा झाला की दोघं बाहेर पडत. बाळ शेजारच्या म्हातारीकडे. आजीने तिच्या आईकडून ऐकलेलं असं, की "गोळी दिली की पोर संध्याकाळपर्यंत झोपायची. दात यायला लागले तशी किरकिर करायची, मग दोन द्यायची."

ही गोळी म्हणजे बाळगोळी. तिच्यात अफू असे. नाक्यावरच्या दुकानात ती उघड विकत मिळे आणि त्यात चोरटं काही नव्हतं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणीतल्या बाळंतिणींच्या परिस्थितीची चौकशी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. शंभरातल्या ९८ आया निष्काळजी असू शकत नाहीत. एवढ्या बायका एकच गोष्ट करतात, तेव्हा दुसरा मार्ग बंद आहे असं समजावं.

अफूचं काम समजून घेतलं, की ती 'दातांवरचं औषध' का ठरली हे कळतं. अफू वेदना मारते, झोप आणते आणि आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणजे किरकिर थांबते, जुलाब थांबतात, बाळ शांत होतं. दातांच्या नावावर जमा असलेली सगळी लक्षणं एका गोळीत बंद! पण झोपलेलं बाळ दूध मागत नाही. जुलाब थांबले तरी जंतू आतच राहतात. बाळ वाळत जातं, आणि एखाद्या दिवशी गोळी मोठी झाली किंवा बाळ फार अशक्त असलं, की श्वास मंदावत मंदावत थांबतो.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालमृत्यू झाले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा ८२८ होता. प्रबंध लिहिताना या आकड्यावर मी चार पानं खर्च केली होती: बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म कोकणात आणि मृत्यू मुंबईत असं होई, आणि आकडा फुगलेला दिसे. युक्तिवाद बरोबरच आहे. पण ती पानं लिहिताना त्या आकड्याच्या शेजारी, काही वर्षांनंतरची का होईना, माझ्याच आजीची बहीण उभी आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गिरणीवाल्या बायकांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून मुंबई विधिमंडळात विधेयक आलं, तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. बाळगोळीवरचा खरा उतारा हाच होता. आई घरी राहिली, बाळाला अंगावर पाजू शकली, तर गोळीची गरजच कमी होते. बालसंगोपनाच्या इतिहासात आपण औषधांची नावं लक्षात ठेवतो. रजा, पाळणाघर आणि नळाचं पाणी यांची नावं राहून जातात.

श्रीमंत घरांत तरी वेगळं काय होतं? अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाचं दात येणाऱ्या बाळांसाठीचं गोड औषध १८४९ पासून लोकप्रिय होतं. त्यात मॉर्फीन असे. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर तसं छापणं भाग पडलं, तेव्हा कुठे आयांना कळलं. इंग्लंडमध्ये १८५१ पासून वूडवर्ड्स ग्राइप वॉटर आलं. त्यात आपल्या ओळखीच्या बाळंतशोपेचं तेल आणि सोबत थोडं अल्कोहोल होतं. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ते बाळगुटीच्या शेजारी जाऊन बसलं. आमच्या इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, आजही ग्राइप वॉटर मिळतं. आता त्यात अल्कोहोल नसतं.

पारा, शेंदूर आणि मुरदाडशिंग

अफूपेक्षाही लबाड निघाला तो पारा. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे दात येणाऱ्या मुलांना जी पांढरी पूड देत, तिच्यात कॅलोमेल हे पाऱ्याचं संयुग असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डॉक्टरांना एक विचित्र आजार दिसू लागला. बाळाचे हातपाय गुलाबी होऊन सुजायचे, कातडी सुटायची, उजेड सहन व्हायचा नाही, मूल अहोरात्र रडायचं. हिरड्या सुजून दात हलायचे आणि पडायचेही. नाव पडलं 'पिंक डिसीज', गुलाबी रोग. जीवनसत्त्वांची कमतरता असेल, विषाणू असेल, अशी चर्चा कित्येक वर्षं चालली. शेवटी १९४०च्या दशकात सिनसिनाटीचे डॉ. जोसेफ वॉर्कनी यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा शोधून काढला. १९५४ मध्ये ब्रिटिश उत्पादकांनी पुडीतून पारा काढून टाकला आणि काही वर्षांत तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. दात सुखाने यावेत म्हणून दिलेलं औषध दातच पाडत होतं.

आणि शिसं. या भागाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, कारण इथे आखात आणि आपलं घर एकमेकांना भिडतात. १९७०-८०च्या सुमारास आखाती देशांतल्या घरगुती औषधांची प्रयोगशाळेत तपासणी होऊ लागली. सौदी अरेबियात दात येताना हिरड्यांना लावायची 'संत्रिंज' नावाची लाल पूड सापडली. तिच्यात ९८ टक्के शिशाचं ऑक्साइड होतं. लोखंडाला गंज चढू नये म्हणून रंगाआधी लावतात, ती हीच पूड. आपण तिला शेंदूर म्हणतो आणि मारुतीला लावतो. ओमान आणि अमिरातीत तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर 'बिंत अल् दहब', म्हणजे 'सोन्याची लेक', हे औषध देत. सोनेरी पिवळी, चमकदार भुकटी. नाव इतकं गोड, पण तीही शिशाचीच. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात या वस्तूला मुरदाडशिंग म्हणतात.

मनामाच्या बाजारात औषधी मुळ्या-पाल्यांच्या दुकानदाराला हव्वाज म्हणतात. मी अशा एका दुकानात बाळगुटीचे जिन्नस शोधत गेले होते. हिरडा मिळाला, हलीलज नावाने. वेखंड मिळालं, वज्ज नावाने. सुंठ म्हणजे ज़ंजबील. ही अरबी नावं मुळात हरीतकी, वचा आणि शृंगवेर याच शब्दांची दूरच्या प्रवासाने झिजलेली रूपं. इथला मोती मुंबईला जाई, मुंबईचा तांदूळ, कापड, मसाला इथे येई. १८६२ पासून टपालाची आगबोट मुंबई आणि आखात यांच्यात नियमित फिरू लागली. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये रुपयाच चालत होता. ज्या गलबतांतून हिरडा आला, त्याच गलबतांतून त्याच विश्वासाने शिसंही इकडून तिकडे गेलं असणार. आजीने दिलं म्हणून घेतलं, इतका साधा तो विश्वास.

दात बोलतात

बहरीनच्या राष्ट्रीय संग्रहालयात दिलमुन काळातल्या थडग्यांचं दालन आहे. या बेटावर चार हजार वर्षांपूर्वीचे मातीचे हजारो दफन-उंचवटे आहेत. त्यांपैकी ११,७७४ उंचवटे २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. मोठ्या माणसांच्या थडग्यांना खेटून काही ठिकाणी लहान मुलांची छोटी थडगी आहेत. तिथल्या बाळाचं वय संशोधक कशावरून ठरवतात? दातांवरून. हाडांची वाढ उपासमारीने, आजाराने सहज खुंटते. दातांचं वेळापत्रक त्या मानाने फारसं चुकत नाही. यासाठी आज जगभर वापरला जाणारा एक तक्ता, 'लंडन अॅटलस', २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या प्रमुख संशोधक साखर अल्-कहतानी या सौदी अरेबियाच्या दंतवैद्य आहेत.

दुधाच्या दातांची घडण बाळ पोटात असतानाच सुरू होते. जन्माच्या क्षणी त्यांच्या लुकणावर एक सूक्ष्म रेघ उमटते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. पुढे काय खाल्लं, कधी आजारी पडलं, अंगात काय विष गेलं, याच्या खुणाही तिथे राहतात. १९७९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत मागे पडत होती. पेट्रोल आणि रंगांतून शिसं हटवण्याच्या लढ्यात हा पुरावा फार मोलाचा ठरला. ज्या दातांवर आपण हजारो वर्षं आरोप केले, ते खरे तर साक्षीदार होते. आपण बाळाला काय दिलं, हे त्यांनी जपून ठेवलं होतं.

आमच्या शेजारच्या बहरीनी कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा परवा गच्चीत उभा राहून पडलेला दात सूर्याकडे फेकत होता. गाढवाचा दात घे, हरणाचा दे, असं सूर्याला सांगायची रीत अरब जगात फार जुनी आहे. आम्ही कोकणात तो कौलांवर टाकायचो. टाकण्यापूर्वी कोणी वाचत नाही, एवढंच.

आजच्या वैद्यकाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. दात येताना हिरड्या दुखतात, लाळ गळते, मूल चिडचिड करतं, झोप मोडते, अंग किंचित कोमट लागू शकतं. पण ३८ अंशांच्या वर ताप, वारंवार जुलाब, उलट्या, मलूलपणा हे दातांचं काम नाही. त्याचं कारण शोधायचं. थंड केलेली रिंग, स्वच्छ बोटाने हिरड्या चोळणं, कडेवर घेणं, एवढं पुरतं. बधिर करणाऱ्या जेलपासूनही लांब राहिलेलं बरं. बेंझोकेनमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती विकू नयेत असं सांगितलं. वाग्भटाचा सल्ला तरी दुसरा काय होता?

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला फोन केला. ती आता ८८ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, त्यामुळे बालमृत्यूंचे आकडे मला ओरडून सांगावे लागले, आणि ते फार विचित्र वाटलं. मग बाळगोळीचं सांगितलं. अफूचं सांगितलं. तिची बहीण दातांनी गेली नसावी, हे सांगितलं. जुलाबांनी गेली असेल, गोळीने गेली असेल, दोन्हींनी गेली असेल.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाली, "म्हणजे आईने मारली म्हणतेस?"

मी घाईघाईने नाही म्हटलं. गिरणीचं सांगितलं, एका खोलीचं, पाण्याचं, त्या ९८ टक्क्यांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "तिला माहीत असणार," ती म्हणाली. "दात म्हटलं की कोणाला काही विचारावं लागत नाही. म्हणून दात म्हणायचे."

वर्षानुवर्षं कागदपत्रं वाचून मला जे दिसलं नव्हतं, ते आजीने एका वाक्यात सांगितलं. 'दात' हे चुकीचं निदान होतं हे खरं, पण त्या घरापुरता तो एक आडोसाही होता. ना आईचा दोष, ना म्हातारीचा, ना गिरणीच्या मालकाचा. त्या आडोशामागे पणजी पुढची पन्नास वर्षं जगली आणि तिने आणखी चार मुलं वाढवली. त्याच आडोशाने मालक, सरकार आणि गोळी विकणारा दुकानदारही झाकले गेले. मला पणजीवरचा आडोसा काढायचा नव्हता. बाकीच्यांवरचा काढायचा होता. दोन्ही वेगळे कसे करायचे, हे मला अजून नीट जमलेलं नाही.

फोन ठेवता ठेवता आजीने विचारलं, "पोरीला दात कुठला आला आधी? खालचा ना?"

"खालचा," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मामाला कळव."